निवडणूक पद्धतीमुळे पक्षाच्या आतल्या लोकशाहीवर काही फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच पडतो. तिकीट कोणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे एका मतदारसंघात पक्षाचा एकच उमेदवार आणि चिन्हासाठी एबी फॉर्म लागतो, तो पक्षाने नेमलेल्या माणसाच्या सहीनेच येतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कचेरीबाहेर बघा, वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता मोबाईलकडे डोळे लावून उभा असतो आणि तीन वाजायच्या आत फॉर्म येतो तो कालच पक्षात आलेल्याच्या नावाने, साध्या सभासदाला कोणी विचारतही नाही. फार वाईट वाटतं ते बघून. त्यात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, व्हिप म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते, मग निवडून आल्यावरही कोण बोलणार?

जर्मनीत उमेदवार सभासदांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडायचा असं कायदाच सांगतो. फिनलंडमध्ये मतदार मतपत्रिकेवर थेट उमेदवाराचा नंबर लिहितो, म्हणजे पक्षाच्या यादीतलं कोण निवडून येणार ते लोकच ठरवतात. पण नुसती प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षाला जागा, आणली की झालं असं मात्र नाही हं, स्पेनमध्ये ती आहे पण तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी यादी बंद असते, वरचा नंबर कोणाला द्यायचा ते पक्षच ठरवतो.