श्रुतिकेतली लेडी मॅकबेथ

प्रश्न : मुलीने कालप्रवासाचं एक इंग्रजी श्राव्यनाट्य ऐकवलं. प्रवासी अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये उतरतात, तिथे लेडी मॅकबेथ भेटते आणि ती चक्क मायाळू निघते! ‘राजमुकुट’ (शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चं मराठी रूपांतर) वाचून मनात बसलेली बाई ती ही नव्हे. खरी कोणती? आणि ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतल्या कालयंत्राचा तो घरघराट कसा काढला असेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : खरीचं नाव ग्रुओख. ती राजघराण्यातली. तिचा पहिला नवरा, स्कॉटलंडमधल्या मोरे प्रांताचा अधिपती, १०३२ साली पन्नास माणसांसह जाळून मारला गेला. पुढे तिने मॅकबेथशी लग्न केलं. नाटकात मॅकबेथ ज्याचा खून करतो तो डंकन राजा १०४० मध्ये मेला तो लढाईत. पाहुणा म्हणून झोपलेला असताना नव्हे. मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षं राज्य केलं, १०५० मध्ये रोमची यात्रा करून गोरगरिबांना पैसे वाटले. आणि ग्रुओख? लॉख लेव्हन या स्कॉटिश सरोवराकाठच्या ख्रिस्ती साधूंना जमीन दिल्याची एक नोंद आहे, तीत राजाच्या जोडीने राणी म्हणून तिचंही नाव आहे. रक्ताळलेले हात, झोपेत चालणं हे सगळं साडेपाचशे वर्षांनी शेक्सपिअरने दिलं. त्यामुळे तुमच्या मुलीच्या श्रुतिकेने राणीवर अन्याय केलेला नाही, उलट थोडा फेडलाच आहे. तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा लुलाख मॅकबेथनंतर गादीवर आला आणि १०५८ मध्ये मारला गेला. माझ्या मते खरं नाटक या आईचं आहे, आणि ते कुणीतरी लिहायलाच हवं.

मी जन्मभर श्रुतिका केल्या, म्हणून एक सांगतो : पावलांकडे कान द्या. दगडी जिन्यावर टापटाप वाजली तर तो काळ चुकला. दगडी किल्ले तिकडे नंतर आले. तिचा वाडा लाकडी असणार. फळ्यांचा करकराट हवा, खाली वाळलेलं गवत हवं. गवताला आम्ही जुन्या ध्वनिफितीचा गुंता माइकजवळ चुरगाळायचो. अगदी हुबेहूब!

घरघराटाचं म्हणाल, तर तो १९६३ मध्ये बीबीसीच्या ब्रायन हॉजसन यांनी काढला. जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासली आणि ते ध्वनिमुद्रण पुढे फिरवून-वाकवून घेतलं. घरी गिटार असेल तर सर्वांत जाड तारेवर किल्ली हळू ओढा, मोबाइलवर मुद्रित करा, वेग निम्मा करा. मुलीलाच करू द्या.