इंदुरात घर बांधताय? आधी गच्ची आणि पश्चिमेची भिंत बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बायपासजवळच्या नव्या कॉलनीत तीस बाय पन्नासचा प्लॉट, तोंड पश्चिमेला, खाली सासू-सासरे, वर तुम्ही. आर्किटेक्टने 'ग्रीन होम' म्हणून पुढे दोन मजली काच, शेजारी व्हर्टिकल गार्डन, सगळ्या खोल्यांत एसी आणि गच्चीवर सोलर असा आराखडा दिलाय. पुढच्या तीसेक वर्षांच्या उन्हा-पावसात हे घर टिकेल का आणि चाळीस प्लॉटच्या सोसायटीने मिळून काही करण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदुरातच घरं बांधून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर, मग कारणं. काच काढा, व्हर्टिकल गार्डन काढा. तो पैसा गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर घाला, आणि रात्रभर बिनधास्त उघड्या ठेवता येतील अशा खिडक्या करा. सोलर पुढच्या वर्षीही बसवता येईल. खोल्या कुठल्या दिशेला आल्या हे मात्र एकदा स्लॅब पडला की बदलत नाही.

'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या रात्रींचं कौतुक होतं. त्यामागे साधी भौगोलिक गोष्ट आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत आणि एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. दुपारी पारा चाळीसच्या वर गेला तरी पहाटे पंचवीसच्या आसपास उतरतो. म्हणजे रोज पंधरा अंशांचा गारवा फुकट मिळतो. तो घरात घ्यायचा आणि सकाळी आठला दारं-खिडक्या लावून संध्याकाळपर्यंत कोंडून ठेवायचा, एवढंच घराचं काम. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, म्हणून तिथल्या मासिकांतली घरं इथे जशीच्या तशी उचलू नयेत. आपल्याकडे खरा जाच मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, तीन महिने. पावसाळ्यात पंखा पुरतो आणि डिसेंबर-जानेवारीत उलट ऊन हवंसं वाटतं.

आता तुमचा प्लॉट. पश्चिमेकडे रस्ता, पुढची रुंदी तीस फूट, दोन्ही बाजूंना शेजारी. आज आजूबाजूला मोकळं आहे, पण चार-पाच वर्षांत दोन्हीकडे घरं उभी राहतील आणि एमओएस (प्लॉटच्या कडेने नियमाने सोडायची मोकळी जागा) सोडूनही उत्तर-दक्षिणेच्या भिंती बऱ्याचशा सावलीत जातील. मग ऊन लागायला उरतात तीनच जागा: पूर्वेची भिंत, पश्चिमेची भिंत आणि गच्ची. सकाळचं ऊन सोसतं. राहिल्या दोन, आणि तुमच्या आर्किटेक्टने नेमकी त्यातल्या एकीवर काच लावली आहे.

छज्जा दिलाय ना, असं ते म्हणतील. छज्जाचं गणित दक्षिणेला जमतं. 21 मार्चला इंदुरात दुपारचा सूर्य 67 अंशांवर असतो, तेव्हा दोन फुटी छज्जा चार फुटी खिडकी पूर्ण झाकतो. 22 डिसेंबरला तोच सूर्य 44 अंशांवर उतरतो आणि तीच खिडकी निम्मी उन्हात येते. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन, जसं हवं तसं. पश्चिमेला मात्र मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य फक्त 26 अंशांवर असतो. तिथे दोन फुटी छज्जाची सावली जेमतेम एक फूट पडते, बाकीचं ऊन थेट सोफ्यावर. काच कितीही 'हीट रिफ्लेक्टिव्ह' असली तरी काही ऊन आत येणारच, आणि आत आलेली उष्णता काचेतून सहजी बाहेर पडत नाही.

म्हणून पश्चिमेला पोर्च, जिना, बाथरूम, स्टोअर, देवघर असं काहीही टाका, पण झोपायच्या खोल्या टाकू नका. सुदामानगरमधल्या एका घरी मला गच्चीखालच्या बेडरूमचं दुखणं दाखवायला बोलावलं होतं. पलंगाचं उशाचं टोक पश्चिमेच्या भिंतीला लागून. रात्री अकरा वाजता बाहेर छान वारा सुटलेला, आणि भिंतीला हात लावला तर ती आतून कोमट. नऊ इंची विटेची भिंत दुपारी चारला तापते, पण ती उष्णता आत पोचायला सहा-सात तास घेते, म्हणजे बरोबर झोपायच्या वेळी. एसी रात्रभर त्या भिंतीशीच भांडत होता. आम्ही बाहेरून दोन इंचांची पोकळी सोडून अर्ध्या विटेची दुसरी भिंत घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि पलंग पूर्वेला फिरवला. तुमचं घर अजून कागदावर आहे, तेव्हा ती भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) करा किंवा पोकळीची. ब्लॉकला प्लास्टरच्या भेगा जातात ही तक्रार खरी आहे. बीम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारायला मिस्त्री कंटाळतो, म्हणून जातात. तिथे उभं राहून मारून घ्या.

हिरवळ हवी असेल तर भिंतीपासून दीड-दोन फुटांवर तारा ताणा आणि मधुमालती चढवा. इथे ती दांडगी वाढते, भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि मध्ये हवा खेळते. व्हर्टिकल गार्डनच्या छोट्या कुंड्यांना मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. शोरूमसाठी ठीक आहे.

गच्चीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही वरच्या मजल्यावर राहणार आहात. आपण कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहोत. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि घराच्या कुठल्याही भिंतीपेक्षा जास्त ऊन गच्ची खाते. बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत) छताच्या उष्णतावहनाची मर्यादा 1.2 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन आहे. नुसता पाच इंची स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) केला की गच्ची थंड होते असं ठेकेदार सांगतात. कोबा उतार द्यायला आणि गळती थांबवायला चांगला, पण एकट्या कोब्याने ही मर्यादा गाठता येत नाही. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम), त्यावर सिमेंटचा थर आणि शेवटी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. हे केलंत तर मर्यादेच्या बरंच खाली याल. बजेट ताणलेलं असेल तर निदान पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग द्या आणि दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा, कारण धूळ बसली की पांढऱ्याचा उपयोग निम्मा होतो. खालून पीओपीचं सीलिंग करून भागवू नका. मग स्लॅब तापतोच, तापून पसरतो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात ती ओळखीची आडवी भेग येते.

रात्रीच्या हवेसाठी तीन गोष्टी: प्रत्येक झोपायच्या खोलीला दोन बाजूंना खिडक्या, त्यांना ग्रिल आणि मच्छरजाळी दोन्ही (नाहीतर कोणी उघडतच नाही), आणि जिन्याच्या मुमटीला (गच्चीवर जिना झाकणाऱ्या खोलीला) वर उघडणाऱ्या खिडक्या. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. जुन्या वाड्यांचा चौक हेच काम करायचा. तुमच्याकडे चौक करू नका, तीस फुटांत तो एक खोली खाईल. आणि खरं सांगायचं तर वाड्यांच्या आतल्या खोल्या गार असत, तशाच अंधाऱ्या आणि कोंदटही असत. ते आठवणींत कोणी सांगत नाही.

एसी लावूच नका असं मी म्हणत नाही. सासू-सासऱ्यांच्या खोलीत एक असू द्या, लू चालते तेव्हा त्या वयात तो लागतो. बाकी कोरड्या दिवसांत कूलर उत्तम चालतो. त्यासाठी खिडकीबाहेर ओटा आणि पाण्याची लाइन आत्ताच काढून ठेवा.

आता जमीन आणि पाणी. बायपासच्या पट्ट्यात बहुतेक काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरचं घर हलवते. पाया मुरमापर्यंत न्या किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब) करा, प्लिंथखाली मुरमाचा भराव घ्या आणि घराभोवती तीन फुटी फरशी बाहेर उतार देऊन करा. मोठं झाड भिंतीपासून पंधरा फूट लांब लावा, कारण मुळं मातीतलं पाणी ओढतात आणि पायाखालची माती आक्रसते.

हीच माती पाणी मुरवण्याच्या बाबतीत लोकांना फसवते. नियमात आहे म्हणून पाच फुटी खड्डा खणतात, दगड-वाळू भरतात आणि पहिल्या पावसात तो हौदासारखा तुडुंब भरून राहतो, कारण फुगलेली काळी माती पाणी खाली मुरूच देत नाही. खड्डा ती ओलांडून मुरमात उतरला पाहिजे. खाली आपला बेसॉल्ट आहे, त्यात पाणी फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं. बोरिंगमध्ये गच्चीचं पाणी सोडायचं असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढा, फिल्टर ठेवा, आणि रस्त्याचं पाणी त्यात कदापि सोडू नका.

हिशेब असा. वर्षाचा पाऊस साधारण साडेनऊशे मिलिमीटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचं होतं सुमारे 88 हजार लिटर, नासाडी धरून 70 हजार. पाच माणसांचं रोजचं पावणेसातशे लिटर पकडलं तर शंभर दिवसांचं पाणी. सगळं साठवायची गरज नाही. दहा हजार लिटरची जमिनीखालची टाकी केली तर पावसाळ्यात ती भरत आणि रिकामी होत राहते, उरलेलं मुरवायचं. नळाला येणारी नर्मदा नदीकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्य चढून येते. एक हजार लिटर पाणी नुसतं चारशे मीटर वर उचलायलाच एक युनिटच्या वर वीज लागते. पाइपातलं घर्षण आणि पंपाचा तोटा वेगळा. निगमने (महानगरपालिकेने) 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या सोलर प्रकल्पासाठीच. म्हणजे आपल्याकडे पाणी वाचवणं आणि वीज वाचवणं एकच.

सोसायटीचा प्रश्न मला तुमच्या घराच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंदुरात एका दिवसात दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. तसा पाऊस पुन्हा झाला तर तुमच्या चाळीस गच्च्यांवरचंच नऊ लाख लिटरांहून जास्त पाणी रस्त्यावर येईल, आणि प्रत्येकाने पुढचं अंगण पेव्हर ब्लॉकने बंद केलेलं असेल. (स्वच्छतेत पहिला नंबर आणल्यापासून आपल्याला उघडी माती दिसली की ती कचराच वाटते.) कॉलनीचा बगीचा सगळ्यात सखल कोपऱ्यात घ्या आणि रस्त्यापेक्षा फूटभर खोल ठेवा. दहा हजार चौरस फुटांचा असेल तर त्यात पावणेतीन लाख लिटर काही तास थांबू शकतं. मुलांना क्रिकेट खेळायला वर्षातले सव्वातीनशे दिवस तरी तो कोरडाच मिळेल. बिल्डरने मंजूर नकाशात बगीचा उंचावर दाखवला असेल तर आत्ताच भांडा. आणि जुना नाला कुठून जायचा ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. नाल्यावर प्लॉट पाडले असतील तर पावसाचं पाणी तुमचा नकाशा बघत नाही.

शेजाऱ्यांनी मिळून काही करणं इंदूरला नवं नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस 1918 च्या सुमारास होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करत होते. प्लेगचे दिवस होते. दिवाळीला त्यांनी मोठी मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ती जाईल तिथे, जिथे लोकांनी घरं-गल्ल्या सगळ्यात जास्त साफ केल्या असतील. निगमची नोटीस जे करत नाही ते शेजाऱ्यांमधली चुरस करते. दुसरं उदाहरण अरण्यचं. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आयडीएसाठी (इंदूर विकास प्राधिकरणासाठी) केलेली ती वसाहत एकदा हिंडून या. सुमारे साडेसहा हजार घरांची ही योजना, 1995 मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचे. लोकांना चौथरा, पाणी आणि संडास दिला, बाकी घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवलं. अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली घरं, दाराशी ओटला. दुपारी तिथल्या गल्लीत सावली असते. तुमच्या कॉलनीतले रस्ते चाळीस फुटी असतील, तिथे ती झाडांनीच आणावी लागेल. करंज, कडुनिंब, बकुळ लावा. गुलमोहर वादळात मोडतो, कोनोकार्पस तर नकोच. प्रत्येक झाडाभोवती पाच बाय पाचची माती उघडी सोडा, हे सोसायटीच्या ठरावात लिहूनच घ्या.

आणखी एक ठराव: रस्त्यावर नवा थर टाकायचा झाला तर आधी जुना खरवडून काढायचा. नाहीतर दर थराला रस्ता वाढत जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी घरात पाणी येतं. तुमचा प्लिंथ मात्र रस्त्याच्या मध्यापासून अडीच फूट वर घ्याच. सासऱ्यांसाठी पायऱ्यांच्या बाजूने रॅम्प काढा, पोर्चमध्ये जागा आहे.

सोलरचं शेवटी. तीन किलोवॅट म्हणजे सावलीविना तीनशे चौरस फूट, दिवसाला सरासरी बारा युनिट. पीएम सूर्यघरमध्ये त्यावर 78 हजारांचं अनुदान आहे. पॅनेल सात-आठ फुटी फ्रेमवर घ्या, खाली वाळवणही घालता येतं आणि गच्चीवर सावलीही पडते. फ्रेमचे पाय बसवायची जागा मात्र वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवा, नंतर भोकं पाडली की गळती ठरलेली.

नकाशा इथे टाकाल तेव्हा त्यावर उत्तर दिशा, रस्त्याची लेव्हल आणि बोरिंगची जागा लिहा. मातीचा रिपोर्ट अजून केला नसेल तर आधी तो करून घ्या, पायाचं त्यानंतरच बोलू.