वीज न बनवणारा रिॲक्टर कशाला हवा?

प्रश्न: अणुभट्टी म्हटलं की वीज एवढंच डोक्यात येतं. पण रिसर्च रिॲक्टर वीज बनवतच नाही म्हणे. मग एवढा खटाटोप कशाला? औषधं, बियाणं यांचा त्याच्याशी काय संबंध?

उत्तर: म्हणे कशाला, खरंच नाही बनवत. तिथे उष्णता म्हणजे नुसती कटकट, पाणी फिरवून काढून टाकायची, खरा माल म्हणजे युरेनियमचे अणू फुटताना बाहेर पडणारे न्यूट्रॉन.

आता हाडांचा किंवा हृदयाचा स्कॅन घ्या. त्यात बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ वापरतात, आणि ते दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे साठवून ठेवणं शक्यच नाही. म्हणून रिॲक्टरमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करून मॉलिब्डेनम-९९ काढतात (हे निम्मं व्हायला ६६ तास लागतात, आणि त्यातूनच हळूहळू टेक्नेशियम बनत राहतं), ते शिशाच्या आवरणातल्या ॲल्युमिनाच्या नळीत भरून हॉस्पिटलला पाठवतात, तिथे टेक्निशियन रोज सकाळी नळीतून सलाइन सोडतो, टेक्नेशियम तेवढं सलाइनबरोबर बाहेर येतं आणि मॉलिब्डेनम आतच चिकटून बसतं. आठवडाभर चालतं हे, मग नवा डबा. २०१० मध्ये कॅनडातला चॉक रिव्हरचा आणि नेदरलँड्समधला पेटनचा असे दोन जुने रिॲक्टर एकाच वेळी दुरुस्तीला बंद पडले तेव्हा अनेक देशांत पेशंटचे स्कॅन पुढे ढकलावे लागले. रिॲक्टर कशाला हवा याला यापेक्षा सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

शेतीत बऱ्याचदा कोबाल्ट-६० चे गामा किरण पुरतात, पण तो कोबाल्टही रिॲक्टरमध्येच तयार होतो बरं का. किरणांनी बियाच्या जनुकांत बदल होतात; असं किरण दिलेलं बी पेरायचं, हजारो रोपांतून एखादं कामाचं निघतं, बाकीची फेकायची, चिकाटीचं काम आहे. किरणांनी किंवा रसायनांनी असे बदल घडवून काढलेल्या ३ हजारांहून जास्त जाती जगात नोंदल्या गेल्यात. आणि नाही, गामा किरणांनी बी रेडिओॲक्टिव्ह होत नाही.

मटेरियलचं म्हणाल तर न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पोलादात काही सेंटीमीटर आत शिरतो आणि वेल्डिंगच्या आत ताण किती राहिलाय ते न कापता कळतं. लिथियम, हायड्रोजनसारखे हलके अणू एक्स-रेला जेमतेम दिसतात, न्यूट्रॉनला चांगले दिसतात, म्हणून चार्ज होणाऱ्या बॅटरीत लिथियम कुठून कुठे सरकतंय ते चालू बॅटरीतच बघता येतं. न्यूट्रॉन पदार्थात कसे विखुरतात त्यावरून आतली रचना ओळखायच्या तंत्रासाठी १९९४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते ब्रॉकहाउस आणि शल यांना, त्यातल्या ब्रॉकहाउसनी काम केलं ते चॉक रिव्हरलाच.

पेट (PET) स्कॅनला लागणारं रेडिओॲक्टिव्ह फ्लोरिन-१८ मात्र सायक्लोट्रॉन नावाच्या, कणांना वेग देणाऱ्या यंत्रात बनतं, त्याला रिॲक्टर लागत नाही.