राजीनामा देऊ नका, आधी हे वाचा

भाऊ, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य, विधानसभेला अपक्ष उभं राहायचंय, कुणीतरी सांगितलं की आधी सदस्यपद सोडा नाहीतर अर्ज बाद होईल, आणि राजीनाम्याचं पत्र लिहून तयार आहे. हेच पत्र मीही लिहिलं होतं.

निवडून आलेल्या माणसाचं पद दुसऱ्या निवडणुकीला नुसतं उभं राहिल्याने जात नाही. आपल्याकडचंच बघा. २०१९ च्या लोकसभेला धुळ्यातून कुणाल पाटील आणि नंदुरबारातून के. सी. पाडवी उभे होते. दोघंही तेव्हा आमदार. दोघंही हरले आणि आमदारच राहिले. त्याच वर्षी चाळीसगावचे आमदार उन्मेष पाटील जळगावातून खासदार झाले, त्यांना मात्र विधानसभा सोडावी लागली. कारण दोन्ही सभागृहांत एकदम बसता येत नाही. राजपत्रात नाव आल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर जागा जाते ती खासदारकीची. म्हणजे प्रश्न येतो तो निवडून आल्यावर.

मला एका कार्यालयातल्या बाबूने तोंडी सांगितलं, ‘राजीनाम्याची प्रत जोडा, त्याशिवाय अर्ज घेणार नाहीत.’ कार्यालयाचं नाव घेत नाही. सरकारी नोकराला उभं राहण्याआधी नोकरी सोडावी लागते, तो नियम त्याने माझ्या गळ्यात घातला असावा. मी लेखी मागितलं नाही, ही माझी चूक. केळीच्या पीकविम्यासाठी उभा राहत होतो, डोक्यात दुसरं काही नव्हतं. सरपंचांच्या हाती पत्र दिलं. सोमवारच्या मासिक सभेत ग्रामसेवकाने ते वाचून दाखवलं.

गुरुवारी अर्ज भरला. टेबलावर अनामतीची पावती बघितली, शपथपत्राचं पान न् पान उलटून बघितलं, सूचकांच्या, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या, सह्या मतदार यादीशी ताडल्या. राजीनाम्याचं कुणी विचारलंच नाही. मी आपण होऊन प्रत पुढे केली, तर समोरच्या बाईंनी ती परत सरकवली. ‘हे कशाला?’

तसाच गावी पळालो. ग्रामसेवकाने कायदा काढून दाखवला. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे राजीनामा सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवस असतात. पण त्या सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद नेता येतो तो राजीनामा खरा की खोटा एवढ्यावरच. मन बदललं म्हणून तो परत मिळत नाही. चार दिवस उरले होते. दोघा-तिघांनी सुचवलं, ‘सही माझी नाही म्हणून लिहून दे.’ सही माझीच होती. नाही दिलं लिहून. पुढच्या सोमवारी पद गेलं, निवडणूकही हरलो. आमच्या वॉर्डातली पाण्याची पाईपलाईन अर्धी झाली होती, ती तशीच पडून राहिली. ज्या म्हातारीच्या दारापर्यंत नळ आणायचा शब्द दिला होता, तिने ओट्यावरून विचारलं, ‘कसाले दिन्हा रे भाऊ राजीनामा?’ त्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

मी वकील नाही. हे सदस्याबद्दल आणि विधानसभेबद्दल सांगतोय. सरपंच असाल तर मानधन मिळतं म्हणून हे ‘लाभाचं पद’ आहे असा मुद्दा कुणी काढू शकतं, ते वकिलाला दाखवा. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असेल आणि आता अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून उभा राहणार असेल, तर १९८६ चा पक्षांतराचा कायदा त्याच्या मागे लागतो. ते दुखणं वेगळं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, तुम्हाला ती भीती नाही.

माझं ठाम मत असं की कार्यालयात तोंडी विचारूच नये. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, उत्तर लेखी मागायचं. लेखी द्यायला जो कचरतो, त्याच्या शब्दावर पद सोडायचं नाही. आणि खरी काळजी सूचकांची घ्या. अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. शपथपत्रात एकही रकाना कोरा नको, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. अर्जाचे चार संच भरता येतात, चारही भरा.

पत्र अजून खिशात असेल तर तिथेच राहू द्या. सरपंचांकडे गेलं असेल, तर मासिक सभा कधी आहे ते मला आजच कळवा.