कॅलेंडरमध्ये कधी एकच तिथी दोन दिवस तर कधी एखादी तिथी गायबच, असं का होतं?
कारण तिथी म्हणजे तारीख नाहीच मुळी, ते आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंशांमध्ये मोजलेलं अंतर आहे. अमावस्येला दोघं एका रेषेत, मग चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की प्रतिपदा संपली, २४ अंशांना द्वितीया, असं करत ३६० अंशांत ३० तिथ्या. आता चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, पृथ्वीजवळ असला की तो भरभर जातो आणि लांब असला की रेंगाळतो, त्यामुळे तिथी कधी साधारण २० तासांची तर कधी २६ तासांच्या वर जाते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, मग मोठी तिथी दोन सूर्योदय पकडते (वृद्धी) आणि छोटी एकही पकडत नाही, तो क्षय.

सणांचं अजून वेगळं, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची चतुर्थी बघतात, संकष्टीला चंद्रोदयाची, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची (सूर्यास्तानंतरच्या वेळेची) अमावस्या, म्हणून कधीकधी कॅलेंडरात तृतीया छापलेली असते आणि त्याच दिवशी संकष्टी असते, ती चूक नाहीये! शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना वर बघा एकदा, चंद्र जवळपास अर्धा दिसेल, कारण अंतर तेव्हा ९० अंशांच्या आसपास असतं, मला तर हे बघायला दरवेळी भारी वाटतं.