दोघांची छोटी ट्रिप: वाचकांचे प्रश्न

गणपतीची चवथ संपली की आपल्याकडे घराघरात फिरायला जायचा विषय निघतोच, त्यामुळे यावेळी बहुतेक पत्रं त्याचीच आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, हातात दिवस असतात चार आणि यादीत गावं सहा. त्यावर मी सगळ्यांनाच तेच सांगणार आहे, एक मुक्काम धरा आणि तिथून जेवढं होईल तेवढंच बघा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नोकरी करतो, म्हापशाला राहतो. नोव्हेंबरात चार दिवस सलग मिळतायत. मिस्टरांनी हंपी, बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि येताना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन असा प्लॅन केलाय, गाडी आमचीच आहे. जमेल ना?

नाही हो, असं करू नका, प्लीज. म्हापशाहून हंपी तीनशेच्या वर किलोमीटर, घाट चढून जायचं म्हणजे पहिला दिवस रस्त्यातच गेला आणि शेवटचा परत यायला, मधे उरले दोन. त्या दोन दिवसांत चार ठिकाणं आणि वर कोल्हापूर म्हणजे मिस्टर नुसते स्टिअरिंगवर आणि तुम्ही शेजारी मॅप बघत, हेच होणार. एकतर हंपी घ्या नाहीतर बदामी, दोन्ही नको.

हंपी घेतलीत तर कमलापूर किंवा होसपेटला मुक्काम करा, आणि जाताना गाडी घरी ठेवता आली तर बघा, कारण वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी निघून दुपारी होसपेटला सोडते आणि वाटेत कुळेनंतर दूधसागरच्या समोरून जाते. ती रोज नाही, तिचे वार बघून मगच सुट्टी टाका. विठ्ठल मंदिर सकाळी उघडताना गाठा, तो दगडी रथ (आपल्या ५० च्या नोटेवरचा) गर्दी नसताना बघण्यात मजा आहे, आणि तेच तिकीट त्याच दिवशी कमळ महालाला आणि कमलापूरच्या म्युझियमला चालतं, म्हणून ती तिन्ही एकाच दिवसात घ्या. विरुपाक्षाच्या देवळात दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका. मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, तिथल्या भिंतीवर समोरच्या उंच गोपुराची सावली उलटी पडते, कळस खाली आणि पाया वर. भिंतीतल्या छोट्या भोकातून उजेड आत येतो म्हणून असं होतं. कॅमेरा कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचं हे देऊळ, तिथे दोघांनी जरा वेळ उभं राहून बघा.

बदामी घेतलीत तर पट्टदकल आणि ऐहोळे तिथूनच होतात, सकाळी निघून संध्याकाळी परत. पट्टदकलचं विरुपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधून घेतलं, नवरा विक्रमादित्य दुसरा कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवून आला त्याची आठवण म्हणून, आणि शेजारचं मल्लिकार्जुन मंदिर तिच्या बहिणीचं, तीही त्याचीच राणी. आठव्या शतकात बायकांनी एवढं काम उभं करून घेतलं, मला तर तिथून पाय निघत नाही. बदामीची लेणी मात्र संध्याकाळकडे ठेवा, लाल दगडावर ऊन तिरकं पडतं तेव्हा खालचा अगस्त्य तलाव आणि समोरचं भूतनाथ मंदिर वरून फार सुंदर दिसतं. तिसऱ्या लेण्यात शिलालेख आहे, सन ५७८ चा, तोही शोधा. माकडं खूप आहेत, हातात खाऊची पिशवी नको.

कोल्हापूर वेगळं करा, एका शनिवार-रविवारात होतं.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे, दोघंही रिटायर्ड. मुलं म्हणतात सिंगापूर-मलेशिया-थायलंड असं सहा रात्रींचं पॅकेज घ्या. हिचे गुडघे दुखतात, आम्ही शाकाहारी, आणि परदेशात कधी गेलो नाही. भीती वाटते.

काका, मुलांनी प्रेमानेच सुचवलंय, पण सहा रात्रीत तीन देश म्हणजे दर दोन दिवसांनी बॅग भरा, इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहा, परत नवीन हॉटेल. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. माझं ऐकाल तर मॉरिशस बघा. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि जायच्या आधी ऑनलाइन भरायचा फॉर्म एवढं नीट ठेवा. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे त्यामुळे झोपेचे हाल होत नाहीत. बेट लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पासष्ट किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एकच हॉटेल धरून रोज टॅक्सीने एक बाजू बघून रात्री त्याच पलंगावर झोपायला परत येता येतं.

आणि तिथे परकं वाटत नाही, हे महत्त्वाचं. १८३४ पासून आपल्याकडची माणसं ऊसाच्या मळ्यांवर कामाला करारावर नेली गेली, त्यात कोकणातलीही होती, त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईला ही माणसं जिथे बोटीतून उतरली तो आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा. तिथल्या दगडी पायऱ्या थोड्याच आहेत, पण किती जणांचं आयुष्य त्यावरून चढलं याचा विचार करून मन भरून येतं. गंगा तलावाला शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती आहे, गाडी अगदी जवळपर्यंत जाते. जेवणाची काळजी सोडा, रस्त्यावर ढोल पुरी मिळते, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली, आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकावा तशी, वर भाजी आणि चटणी. ऑर्डर करताना शाकाहारी म्हणून सांगा म्हणजे झालं.

जानेवारी ते मार्च वादळांचा सीझन, तेव्हा जाऊ नका. जून ते सप्टेंबर तिकडे थंडी असते, आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे हवा छान असते.

आणखी एक, मुंबईपर्यंत विमानाने जाणार असाल तर तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी आहे की मोपा ते आधी वाचा. मुलांनी ऑनलाइन स्वस्त बघून मोपाचं काढलेलं असतं आणि घरातली माणसं सवयीने दाबोळीच्या वाटेला लागतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. काकूंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : लग्नाला वर्ष झालं. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, आधार कार्डवर सासरचं. दुबईला चार दिवस जायचंय, तिकीट कुठल्या नावाने काढू? (साखळी)

पासपोर्टवर जे छापलंय त्याच नावाने, अक्षर अन् अक्षर तसंच, व्हिसाही त्याच नावाने. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं असं कुठे नाही, आणि बदलायचं असेल तर ट्रिप झाल्यावर निवांत रीइश्यूला टाका, तिकीट काढल्यावर मधेच नको. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी नाही ना तेवढं बघा, एकच नाव असलं तर दुबईच्या टुरिस्ट व्हिसाला अडचण येते. मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, नवऱ्याच्याही पासपोर्टची तपासा.

प्रश्न : परदेशी पॅकेजवर एजंटने टीसीएस म्हणून वेगळी रक्कम लावली. हा जास्तीचा टॅक्स आहे का? (वास्को)

नाही, टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरलेला टॅक्स, ते पैसे तुमच्या पॅनवर जमा होतात, तुमच्या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतात आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळते होतात, किंवा परत मिळतात. फक्त रिटर्न भरायला हवं. ज्याचा पॅन बिलावर त्यालाच क्रेडिट, म्हणून दोघांपैकी कुणाचा द्यायचा ते आधी ठरवा.

प्रश्न : मला फिरायची खूप आवड, ह्यांना मुळीच नाही. देऊळ, किल्ला म्हटलं की "फोटोत बघ" म्हणतात. चांगलं खायला मिळालं आणि दुपारी झोप मिळाली की खूश. एकटीने जावंसं वाटत नाही. काय करू? (डिचोली)

ताई, मग त्यांना आवडतं तिथेच तुमचं बघायचं ठिकाण शोधा. मालवण घ्या, दोन रात्री. डिचोलीहून गाडीने अडीच-तीन तास, आणि ताटात सुरमई किंवा बांगडा आला की ते तक्रार करणार नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं, आणि त्याचा मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे, त्याने तर त्यांचंही कुतूहल जागं होईल. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. सकाळच्या पहिल्या होड्यांतून गेलात तर ऊन चढायच्या आत परत येता. दुपार त्यांची, झोपू द्या, उठवू नका. संध्याकाळी तारकर्लीला तुम्ही त्यांना घेऊन जा, चालायला नाही म्हणाले तर वाळूत बसू द्या आणि तुम्ही फिरून या.