आवाजासोबत त्यांचं मतही घे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. ताईंनी इतक्या वर्षांनी पुन्हा माइकसमोर उभं राहायचं ठरवलं, तेही थेट डान्स अल्बमसाठी, आणि संयोजनाला तुझं नाव पुढे केलं, ही तुझ्या कामाची मोठी पावती आहे. तू विचारलंयस की आवाज आता पूर्वीइतका वर जात नाही, कंपनीला 'तरुण साउंड' हवाय, तर सुरुवात कुठून करू.

सुरुवात अमेरिकन गायिका शेरच्या 'बिलीव्ह' या गाण्यापासून कर. ते तू कितीदा तरी ऐकलं असशील, पण आता ते गाणं कसं घडलं हे समजून घेऊन ऐक. तुझ्यासमोर आहे तोच पेच 1998 साली लंडनमधल्या एका स्टुडिओत होता.

शेर तेव्हा 52 वर्षांची होती. सॉनी बोनोबरोबर (तो पुढे तिचा घटस्फोटित नवरा झाला) गायलेलं तिचं पहिलं मोठं गाणं 1965चं. अमेरिकेच्या यादीत एकटीच्या नावावर ती शेवटची पहिल्या क्रमांकावर आली होती 1974 साली. मधल्या काळात तिनं सिनेमे केले, 1988मध्ये ऑस्कर मिळवलं, रॉक गाण्यांची एक इनिंग गाजवली. मग आजारपण आलं, टीव्हीवर केसांच्या उत्पादनांच्या लांबलचक जाहिराती केल्या आणि त्यांनी तिच्या नावाची रया गेली. 1995चा अल्बम फारसा चालला नाही. 1998च्या जानेवारीत सॉनी स्कीइंग करताना अपघातात गेला. त्याच वर्षाअखेरीस हे गाणं आलं. ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, 1999च्या मार्चमध्ये अमेरिकेतही पहिलं आलं, आणि पुढे डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी घेऊन गेलं.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, ऑटो-ट्यूननं, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तिला वाचवलं. मला हे साफ चुकीचं वाटतं.

डान्स अल्बमची कल्पना तिची नव्हतीच. ब्रिटनमधल्या वॉर्नर कंपनीचे प्रमुख रॉब डिकिन्स यांनी ती पुढे केली. क्लबांमध्ये, विशेषतः गे क्लबांमध्ये, तिचा चाहतावर्ग टिकून होता आणि डिकिन्सना तो दिसत होता. शेर राजी नव्हती. डान्सच्या गाण्यांत ठोका असतो, गाणं नसतं, अशी तिची तक्रार होती. पुढचं सगळं त्या तक्रारीमुळेच नीट झालं असं मी मानतो. गीतकार ब्रायन हिगिन्सनं लिहिलेला मुखडा सगळ्यांना आवडला होता, अंतरे कुणालाच पटत नव्हते. मग ते गाणं या हातातून त्या हातात फिरलं, पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. श्रेयनामावलीत सहा गीतकार-संगीतकारांची नावं आहेत. मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या निर्मात्यांनी त्याला शेवटचं रूप दिलं.

त्या सहा नावांत शेरचं नाव नाही, आणि तरीही गाण्याचा कणा तिनं घातलाय. दुसरा अंतरा तिला रडका वाटत होता. पहिल्या अंतऱ्यात बाई दुःखी आहे, दुसऱ्यातही दुःखीच, मग मुखड्यात ती अचानक ताठ कशी उभी राहणार? आंघोळीच्या टबमध्ये गुणगुणताना तिला त्या जागेसाठी ओळी सुचल्या. मी पुरता विचार केलाय, आणि कदाचित तुझ्यापेक्षा माझीच योग्यता जास्त आहे, अशा अर्थाच्या. एवढ्या एका बदलानं गाणं फिरलं. तीच ओळ एखाद्या विशीतल्या मुलीनं म्हटली असती तर तो तोरा वाटला असता. तिच्या तोंडी ते अनुभवाचं बोलणं वाटतं.

मला तुला सांगायचंय ते हेच. कंपनी तुझ्याकडे ताईंचा आवाज घेऊन आलीय. तू त्यांचं मतही घे. चाळीस-चाळीस वर्षं गायलेल्या माणसाला गाण्यातली खोटी ओळ आपल्या आधी कळते. कारण सांगता येईलच असं नाही, पण ती ओळ आली की त्यांचा चेहरा बदलतो, किंवा त्या 'एकदा परत घेऊ या का?' असं उगाच विचारतात. तिथे थांब. टेक चांगला झालाय म्हणून पुढे जाऊ नकोस. हेडफोन काढून आत जा आणि विचार, 'ताई, ही ओळ तोंडात बसत नाहीये का?' गीतकाराला त्या दिवशी स्टुडिओतच बसवून ठेव. बहुतेक वेळा तो तरुण मुलगा असतो आणि सोळाव्या वर्षाचं प्रेम लिहून आणतो.

आता आवाज. ऑटो-ट्यून बाजारात आलं 1997 साली. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून येणाऱ्या कंपनांचा अर्थ लावायचं काम करत. सूर किंचित सरकला तर कुणाला कळू न देता जागेवर आणावा, हा त्या साधनाचा हेतू. टेलरनं नेमकं उलटं केलं. सूर किती वेगानं ओढायचा ते ठरवणारा आकडा त्यानं शून्यावर नेला, त्यामुळे आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर सरकेनासा झाला, उडी मारायला लागला. शेरला ऐकवायला तो बिचकत होता. तिला ते भयंकर आवडलं. कंपनीनं काढून टाका म्हटल्यावर तिनं ठाम नकार दिला. या निर्मात्यांनी तेव्हा एका मासिकाला हा परिणाम व्होकोडरचा, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या जुन्या उपकरणाचा आहे, असं सांगून युक्ती झाकून ठेवली, इतकी ती त्यांना मोलाची वाटत होती.

नीट ऐक, तो परिणाम सगळ्या गाण्यावर नाही. अंतऱ्यात, निवडक शब्दांवर आहे. मुखडा आला की तिचा तो रुंद, खालच्या पट्टीतला आवाज जवळजवळ तसाच्या तसा उभा राहतो. म्हणून तर मुखडा अंगावर येतो.

ताईंच्या बाबतीत याहून जपून राहा. त्यांची तालीम शास्त्रीय आहे. गंधारावरून मध्यमावर त्या जशा जातात, त्या जाण्यातच त्यांचं गाणं आहे. आकडा शून्यावर नेलास की त्या मींडेच्या पायऱ्या होतील, मुरकी तर पार चिरडली जाईल. हा परिणाम हवाच असेल तर सपाट, बोलल्यासारख्या ओळीवर लाव, आणि त्यांना ऐकवून लाव. हरकतीच्या जागी ते सॉफ्टवेअर बायपास, म्हणजे बंद. आणि वय लपवण्यासाठी चोरून दुरुस्त्या अजिबात नकोत. आवाजात थोडी खर आली असेल तर येऊ दे.

पट्टी आधी ठरव, ट्रॅक नंतर बांध. हल्ली उलटं चालतं. बीट तयार, कॉर्ड तयार, मग गायिकेला त्यात बसवायचं आणि वर पोचली नाही की दोष तिच्या वयाचा. ताईंकडे जा, पेटी घेऊन बस, सकाळी नको, दुपारनंतर, आवाज उघडल्यावर. त्या जिथे विनासायास, पोटातून गातात ती पट्टी लिहून घे. मग खालच्या आवाजाला जागा ठेव. 200 ते 400 हर्ट्झच्या आसपास आपण पॅड (मागे लांब धरलेले सूर) आणि सिंथ भरभरून ओततो आणि बाईचा खालचा आवाज नेमका तिथेच राहतो. पॅड तिथून कापून काढ. नुसता फेडर वर करून आवाज पुढे येत नाही.

लयीचंही तसंच. 'बिलीव्ह'चा ठोका मिनिटाला 133 आहे, म्हणजे चांगलाच पळता. पण चाल पळत नाही. ओळी मोकळ्या आहेत, दोन ओळींच्या मध्ये श्वासाला जागा आहे. नाचवायचं काम किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, करते, गायिकेनं धापा टाकायची गरज नाही. टेक जोडताना ताईंचे श्वास कापू नकोस.

तुझ्या मनात आशाताईंचं 'रंगीला' असणार, हे मला ठाऊक आहे. 1995 साली, साठी ओलांडल्यावर, रहमानच्या त्या अगदी नव्या आवाजाच्या जगात त्या ज्या सहजतेनं शिरल्या ते बघून मी आजही थक्क होतो. जरूर ऐक. पण एक फरक ध्यानात धर. तिथे पडद्यावर उर्मिला होती. पार्श्वगायनात वय नायिकेचं असतं, गाणारीनं फक्त आवाज द्यायचा. ताईंच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ताईच असणार, व्हिडिओत त्याच असणार. त्यांचे शब्द त्यांच्या चेहऱ्याला शोभायला हवेत. म्हणून मी तुला आपल्या घरचं उदाहरण सोडून शेरकडे पाठवतोय.

आणि कंपनीवाले 'आम्हाला अगदी बिलीव्हसारखं द्या' म्हणाले तर शांतपणे नाही म्हण. शेरच्या पुढच्या, 2001च्या अल्बममध्ये तोच परिणाम आणखी सढळ हातानं वापरला होता, आणि त्याला या गाण्याची सर आली नाही. ती नवलाई एकदाच होती. शिवाय आज तर गल्लीतलं पोरगं मोबाइलवर ऑटो-ट्यून लावतं. ताईंची जी गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाही ती शोध. मला विचारशील तर ती त्यांची ठुमरीची बोलबनाव आहे. चार ठोक्यांच्या किकवर एकच ओळ त्यांना चार वेगळ्या भावांनी म्हणायला सांग आणि रेकॉर्डिंग चालू ठेव. तुझा हुक, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहणारी जागा, तिथेच सापडण्याची शक्यता मला फार दिसते.

पैशांचं आणि श्रेयाचं काम सुरू होण्याआधी कागदावर आण. ताईंनी एखादी ओळ बदलली, चाल वळवली, तर गीतकार-संगीतकारांच्या यादीत त्यांचं नाव जायला हवं. शेरचं गेलं नाही. तू संयोजक आहेस, हे बोलायचा अधिकार तुला आहे, आणि त्या स्वतः होऊन मागणार नाहीत.

पहिलं डमी, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, झालं की मला पाठव. फक्त ताईंचा आवाज, किक आणि पेटी. रिव्हर्ब नको, ट्यूनिंग नको, मास्टरिंग तर नकोच. सोबत गाण्याचे शब्द टाइप करून पाठव आणि ताईंनी ज्या ज्या ओळीवर काही म्हटलं असेल, त्यांना खूण कर.

तुझा,
काका